मदत हवी आहे: आई-बाबांसोबत पेरूची लक्झरी टूर, कंपनीचा कार्यक्रम तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी,

येत्या मे-जूनमध्ये आई-बाबांना घेऊन पेरूला जायचे जवळजवळ ठरले आहे. बाबा ७१ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू, बाकी तब्येत उत्तम. आई ६६ ची, गुडघ्यांचा त्रास आहे. पायऱ्या चढते, पण उतरताना कठडा किंवा कुणाचा तरी हात लागतो. दोघेही शाकाहारी.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सगळी नोकरी कालवे, चाऱ्या आणि सांडवे यांत गेली. इंका लोकांनी लोखंडी हत्यारे नसताना, चाकाची गाडी नसताना डोंगरावर पाणी कसे खेळवले, हे त्यांना डोळ्यांनी बघायचे आहे. माचू पिचूला झऱ्याचे पाणी सुमारे पाऊण किलोमीटर लांबीच्या दगडी पाटातून गावात आणले आहे आणि तिथून ते १६ कुंडांमधून एकाखाली एक उतरते. बाबांनी त्याचा छेद आलेख कागदावर पेन्सिलीने काढून ठेवला आहे, कडेला उतार लिहिला आहे. मजग्यांच्या (डोंगरउतारावरच्या पायऱ्यांसारख्या शेतांच्या) पोटात वर माती, खाली बारीक खडी, त्याखाली मोठे दगड, असे थर त्यांनी वेगळ्या रंगात दाखवलेत. तिथे वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी १४५० च्या आसपास बांधलेले हे गाव घसरून नदीत गेले नाही, याचे सगळे श्रेय ते निचऱ्याला देतात. त्यांच्यासाठी ही ट्रिप म्हणजे फोटो काढून परत येणे नाही.

भाऊ आणि मी मिळून खर्च करतोय. हाल नकोत म्हणून दक्षिण अमेरिकेच्या सहली करणाऱ्या एका कंपनीकडून खास आमच्यापुरती टूर मागवली: स्वतंत्र गाडी, स्वतंत्र गाइड, उत्तम हॉटेले. त्यांनी पाठवलेला कार्यक्रम थोडक्यात असा:

लिमात एक रात्र. सकाळच्या विमानाने कुस्को, त्याच दुपारी शहरदर्शन आणि शहराच्या वरच्या टेकडीवरचे साक्सायवामान हे इंका अवशेष. दुसऱ्या दिवशी एका दिवसात पिसाक, मोराय, मारासची मिठागरे आणि ओयांताइताम्बो, रात्री परत कुस्को. तिसऱ्या दिवशी हायरम बिंगहॅम या आलिशान रेल्वेगाडीने माचू पिचू, संध्याकाळी परत. मग पुनो आणि तितिकाका सरोवर, तिथून बोलिव्हियातले ला पाझ, आणि ला पाझहून परतीचे विमान.

हॉटेले एकाहून एक आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुस्को ३४०० मीटरवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच जागी समुद्रकाठावरून थेट उतरायचे आणि त्याच दिवशी आणखी चढायचे. कंपनीला विचारले तर “खोलीत ऑक्सिजनची सोय आहे, काळजी करू नका” एवढेच उत्तर आले. मोरायच्या गोल इंका मजग्यांना ४० मिनिटे दिली आहेत आणि बाबांना ज्याची सर्वांत ओढ आहे ते तिपोन (इंकांचे पाट आणि मजग्या) यादीतच नाही.

माझे प्रश्न:
१. हा क्रम बदलून घ्यावा का? कसा?
२. ला पाझ ठेवावे की गाळावे?
३. आईच्या गुडघ्यांना माचू पिचूचा कोणता मार्ग झेपेल?
४. पीतज्वराची (यलो फीवरची) लस बाबांच्या वयात घ्यावी का? परत येताना मुंबईला अडवतात असे ऐकले.

पैसे अजून भरलेले नाहीत, त्यामुळे बदल करता येतील.

——

प्रतिसाद १

ताई, पैसे भरण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत. मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

कुस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर शहरात थांबूच नका. गाडी तिथेच बोलवा आणि सरळ उरुबांबाच्या खोऱ्यात उतरा. उरुबांबा गाव २८७० मीटरच्या आसपास, ओयांताइताम्बो २८०० च्या आत, माचू पिचू २४३०. म्हणजे पहिले मुक्काम खालच्या उंचीवर होतात आणि कुस्को शेवटी येते, तोवर शरीर रुळलेले असते. तुमच्या कंपनीने नेमके उलटे केले आहे. खोऱ्यात निदान तीन रात्री मागा. तिथेही उत्तमोत्तम हॉटेले आहेत, त्यामुळे त्यांचे काही नुकसान नाही.

आणखी एक पायरी हवी असेल तर लिमाहून आधी अरेकिपाला जा. उंची २३०० च्या जवळपास, हवा कोरडी, शहर पांढऱ्या ज्वालामुखी दगडात बांधलेले. १५७९ मध्ये स्थापन झालेला सांता कातालिना मठ म्हणजे भिंतीआड वसलेले आख्खे गाव आहे, निळ्या आणि तांबड्या भिंतींचे. आम्ही अर्ध्या दिवसासाठी गेलो आणि सासूबाई संध्याकाळपर्यंत बाहेर यायला तयार नव्हत्या. तिथून कुस्कोला विमान आहे.

ला पाझ माझ्या मते गाळा. शहर ३६०० च्या वर, विमानतळ एल आल्तोला, तो ४००० च्याही वर. शिवाय बोलिव्हियाचा व्हिसा वेगळा. शहर वाईट नाही, डोक्यावरून केबल कारच्या मार्गिका जातात ते दृश्य बघण्यासारखे आहे, पण तुमच्या घरच्यांच्या ट्रिपमध्ये ते बसत नाही. तितिकाकाचेही (३८१२ मीटर) बाबांच्या तब्येतीवर ठरवा.

आणि बिंगहॅम गाडी हवीच असेल तर जातानाच घ्या. जेवण, संगीत, खिडकीबाहेर उरुबांबा नदी, सगळे सुंदर आहे, पण ती दुपारी पोचवते आणि संध्याकाळी परत आणते. पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेसला किंवा प्रवेशद्वाराला लागून असलेल्या एकमेव हॉटेलात एक रात्र काढा आणि दुसऱ्या सकाळचे तिकीट वेगळे घ्या. आलेख कागद घेऊन येणाऱ्या माणसाला दोन-तीन तास कसे पुरणार!

——

प्रतिसाद २

मी डॉक्टर आहे, पण बाबांना तपासलेले नाही, तेव्हा हे सर्वसाधारण म्हणून वाचा.

उंचीचा त्रास तब्येत ठणठणीत असण्यावर अवलंबून नसतो. तरण्याताठ्या माणसालाही होतो. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. लिमाहून थेट कुस्को म्हणजे एका झटक्यात ३००० हून अधिक. वरच्या प्रतिसादातला क्रम म्हणूनच बरोबर आहे.

खोलीतल्या ऑक्सिजनबद्दल: कुस्कोच्या जुन्या सेमिनरीत जे मोनास्तेरिओ हॉटेल आहे, तिथे खोलीत जादा ऑक्सिजन सोडण्याची सोय मिळते. झोप बरी लागते. पण दिवसभर तुम्ही बाहेर असता, आणि तिथे हवा विरळच. ही सोय म्हणजे हळूहळू चढण्याला पर्याय नाही.

उंचीच्या त्रासासाठी घेतात ते अ‍ॅसिटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे का तेही बघायला हवे. निघण्याआधी फिजिशियनला भेटा, ईसीजी काढा. पहिले दोन दिवस हलके जेवण, भरपूर पाणी, दारू नको. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर उद्या बघू म्हणू नका, त्याच वेळी खाली उतरा. तुमच्याकडे स्वतंत्र गाडी असणार, तिचा खरा उपयोग हाच.

कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, तिथे तो कायदेशीर आहे. पाने किंवा चहाच्या पुड्या सामानात घालून भारतात आणू नका.

——

प्रतिसाद ३

प्रश्न ४ बद्दल. पेरू, बोलिव्हिया, ब्राझील हे देश भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात पोचलात तर लसीचे प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, किमान १० दिवस आधी, आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते.

साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. लिमा, कुस्को, खोरे आणि माचू पिचू एवढेच करणार असाल तर आजाराच्या भीतीने लस घ्यायची गरज नसते. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात उतरणार असाल तर गोष्ट वेगळी. तुमचा प्रश्न मुख्यतः मुंबई विमानतळाचा आहे.

भाऊ परदेशात असतो का? पेरूहून त्याच्याकडे जाऊन आठवडाभर राहून परतलात तर सहा दिवसांची अट आपोआप ओलांडली जाते. विमानतळ आरोग्य कार्यालयाला एकदा विचारून घ्या.

——

धागाकर्ती

किती छान माहिती मिळतेय! भाऊ न्यू जर्सीत आहे आणि आम्हा तिघांकडेही अमेरिकेचा व्हिसा आहे. म्हणजे परतीची वाट तिकडून होऊ शकते. आईला हे सांगितले तर ती आधी न्यू जर्सीचेच तिकीट काढेल.

——

प्रतिसाद ३

मग पेरूच्या व्हिसाचाही प्रश्न सुटला. अमेरिकेचा व्हिसा किमान सहा महिने वैध असेल तर भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, ही सवलत २०१७ पासून आहे. निघण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती बघा.

——

प्रतिसाद ४

मी स्थापत्य अभियंता. तुमच्या बाबांचा छेद वाचून राहवले नाही.

तिपोन कुस्कोपासून आग्नेयेला साधारण २५ किलोमीटर, पुनोच्या रस्त्यावर. पुनोला गाडीने जाणार असाल तर वाटेत होते, नाहीतर कुस्कोतून अर्धा दिवस पुरे. उंची कुस्कोएवढीच, म्हणून तेही शेवटीच ठेवा. झऱ्याचे पाणी एका पाटातून येते, त्याचे दोन होतात, मग चार धारा एका ओळीत कुंडात पडतात. मजगीवरून मजगीवर पाणी उतरवायला दगडात उभे पन्हळ बसवलेत, आणि ते आजही वाहते. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने ऐतिहासिक स्थापत्यकाम म्हणून त्याची नोंद घेतली आहे. गर्दी जवळजवळ नसते. बाबांना तिथे निवांत दोन-तीन तास द्या.

कुस्कोत कोरिकांचा चुकवू नका. इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिश लोकांनी सांतो दोमिंगोचा मठ उभारला. १९५० च्या भूकंपात वरच्या बांधकामाची मोठी पडझड झाली, आणि खालच्या इंका भिंती मात्र उभ्या राहिल्या. दगडाच्या सांध्यात पातेसुद्धा जात नाही, भिंती आत कललेल्या, दारे वर निमुळती. बाबांना त्यासमोर उभे करा आणि गाइडला गप्प राहायला सांगा.

कुस्कोचे बोलेतो तुरिस्तिको हे एकत्रित तिकीट घ्या; त्यात साक्सायवामान, पिसाक, ओयांताइताम्बो, मोराय, तिपोन सगळे येते आणि ते १० दिवस चालते. माचू पिचू, कोरिकांचा आणि मारास यांची तिकिटे वेगळी.

गाइडबद्दल एक सुचवतो. कंपनीला सांगा की पाणी आणि बांधकाम या विषयात रस असलेला गाइड द्या, आणि निघण्याआधी त्याच्याशी व्हिडिओवर बोलणे करून द्या. एवढे पैसे घेतल्यावर हे मागायचा हक्क आहे. गादी-उशी कुठेही चांगली मिळते. माणूस चांगला मिळाला तर बाबांची ट्रिप खरी होईल.

——

प्रतिसाद ५

शाकाहाराबद्दल लिहिते. नुसते ‘सिन कार्ने’ म्हणालात तर कोंबडी येऊ शकते, कारण तिथे कार्ने म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाल मांस असते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असे पूर्ण म्हणा, आणि सुपाला पाणी कोंबडीचे नाही ना हे प्रत्येक वेळी विचारा. मोठ्या हॉटेलातही विचारा.

खायची आबाळ होत नाही. बटाटा मूळचा तिथलाच, हजारो जाती आहेत. जांभळे, पिवळे, आतून लाल. मोठ्या दाण्याचा मका ताज्या चीजबरोबर देतात. किन्वाचे सूप संध्याकाळच्या थंडीत फार बरे वाटते. आणि बाजारात ‘किविचा’ शोधा, तो राजगिऱ्याच्याच कुळातला. लाह्या फुलवून गोड पाकात वड्या करतात. सासूबाई आषाढी-कार्तिकीच्या माणूस, त्यांनी एकादशीला त्याच खाल्ल्या.

——

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, तिपोनचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

कंपनीला कळवलेला नवा क्रम: लिमा, अरेकिपा, विमानाने कुस्को आणि तिथून थेट खोरे, आग्वास कालिएन्तेसला मुक्काम आणि माचू पिचूची दोन वेगवेगळ्या दिवसांची तिकिटे, मग कुस्को, शेवटी तिपोन. ला पाझ आणि तितिकाका रद्द. परतीला लिमाहून न्यू जर्सी. कंपनीने सुरुवातीला ‘आमचा ठरलेला कार्यक्रम’ असे म्हणून पाहिले, पण पैसे भरलेले नसल्याने ऐकले. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी या सूर्योत्सवाची गर्दी असते असे कळले, म्हणून मे महिना पक्का केला. पावसाळाही तोवर संपलेला असतो.

आता फक्त प्रश्न ३ राहिला: आईचे गुडघे आणि माचू पिचूचा मार्ग.

——

प्रतिसाद १

हो, तो राहूनच गेला.

२०२४ पासून तिथे तीन मुख्य मार्ग आहेत आणि तिकीट मार्ग आणि वेळ ठरवूनच मिळते. पहिला वरून देखावा बघण्याचा, त्यात खालच्या वस्तीत जाता येत नाही. दुसऱ्यात फोटोतला तो देखावाही मिळतो आणि वस्तीही, पण चढउतार बराच. तिसरा खालच्या अंगाने जातो, पायऱ्या कमी. पहिल्या दिवशी तुम्ही आणि बाबा दुसरा घ्या, आई हॉटेलात आराम करू दे. दुसऱ्या सकाळी तिघे मिळून तिसरा. वायना पिचूच्या शिखराचे तिकीट मात्र कुणी सुचवले तरी घेऊ नका, त्या पायऱ्या अगदी उभ्या आहेत.

आत स्वच्छतागृह नाही आणि एकदा बाहेर पडले की परत सोडत नाहीत, तेव्हा दारातच जाऊन या. तिकीट ज्या पासपोर्टवर काढले तोच मूळ पासपोर्ट सोबत हवा. वयस्कर माणसांना काठी नेता येते, पण टोकाला रबर असले पाहिजे. ते रबर इथूनच जास्तीचे घेऊन जा, तिथल्या दगडांवर झिजते.