सीटमागच्या पत्र्यावर उभं कोण राहायचं? जुन्या बीएमएक्सवाल्यांनो, सांगा

ब्रेकलेस_बाळ्या

मंडळी, थोडी मदत हवी आहे आणि भरपूर किस्से हवे आहेत.

मित्राच्या मामांनी त्यांची ऐंशीच्या दशकातली फ्रीस्टाइल बीएमएक्स, म्हणजे कसरतींची छोटी सायकल, मला चालवायला दिली आहे. मी रोज चालवतो ती बिनब्रेकची, पुढच्या स्प्रॉकेटला (साखळीच्या दातेरी चक्राला) २५ दात, मागच्याला ९, सीट अगदी खाली. त्यामुळे ही गाडी बघून चक्रावलोय. पाच जाड आऱ्यांची पांढरी प्लास्टिकची चाकं. हँडलवर, स्टेमवर (हँडल धरणाऱ्या जोडावर) आणि वरच्या नळीवर स्पंजच्या गाद्या. पुढचं स्प्रॉकेट ताटाएवढं, ४४ दातांचं. हँडलखाली एक चकती आहे, तिच्यात वरून ब्रेकच्या दोन केबली शिरतात आणि खालून दोन निघतात. पुढे नंबर प्लेट आहे, पण ही गाडी शर्यतीची नाही असं सगळे सांगतात. आणि सीटच्या मागे फ्रेमलाच जोडलेला एक खरखरीत पत्रा!

मामांना विचारलं तर "चालव, कळेल," म्हणाले आणि हसत सुटले. ते कशाला हसले तेवढं कोणीतरी सांगा.

जुना_पेग

बाळ्या, आधी एक ऐक. काहीही रंगवू नकोस, घासू नकोस, स्टिकरला नख लावू नकोस. आता निवांत वाच, मला पुष्कळ सांगायचं आहे.

तो पत्रा उभं राहण्यासाठीच आहे. चालत्या गाडीवर पेडलवरून पाय उचलायचे, फ्रेमवर चढायचं, हँडल सोडायचं आणि सरळ उभं राहायचं. याला फ्रेमस्टँड म्हणत. याच्याही पुढची पायरी म्हणजे सर्फर, एक पाय सीटवर आणि एक हँडलवर. आज तुम्ही रेलिंगवरून घसरत जाता त्यापुढे हे साधं वाटेल, पण तेव्हा सपाट जमिनीवर गाडी घेऊन नवं काय करता येईल याचाच ध्यास होता.

आमच्या टोळीत एक उंच मुलगा होता, त्याचा फ्रेमस्टँड बघण्यासारखा. वर चढला की हाताची घडी घालायचा, हनुवटी वर, नजर लांब. एका संध्याकाळी तो असाच आमच्यासमोरून गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो थांबला नाही, उताराने पुढे गेला, वळणापाशी दिसेनासा झाला. काही आवाजही आला नाही. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने तो भलत्याच बाजूने चालत आला, हाताची घडी तशीच, हनुवटी तशीच, आणि त्याच्या मागून एक अनोळखी गृहस्थ त्याची सायकल ढकलत येत होते. काय झालं ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही. त्या गृहस्थांनीही नाही, आणि नंतर ते आमचं राइडिंग बघायला नेमाने यायला लागले.

चाकं नायलॉनची आहेत. पांढरी आहेत ना? मग ती कोणी रंगवली नाहीत हे तुझं भाग्य. नायलॉन कपड्याचा रंग पितं, म्हणून उकळत्या पाण्यात रंग घालून चाकं बुडवायची टूम निघाली होती. आमच्यातल्या एकाला स्पर्धेआधी लाल चाकं हवी होती. वीस इंची चाक पातेल्यात मावणार कसं? त्याने एकेक भाग बुडवत फिरवला. पहिला आरा बुडवला तेव्हा पाणी खळखळत होतं, शेवटचा बुडवेपर्यंत कोमट झालं होतं. पाच आरे, पाच छटा, गडद लालपासून फिक्या गुलाबीपर्यंत. तो रडवेला होऊन मैदानात आला. गाडी पळायला लागली तशा त्या छटा एकमेकींत मिसळल्या आणि ज्याला त्याला एकच प्रश्न पडला, हे चाक मिळतं कुठे? पुढच्या स्पर्धेला आणखी दोघं तसल्याच पाचरंगी चाकांवर आले, आणि ते त्यांनी मुद्दाम केलं होतं.

त्या चाकांवर ब्रेक धरतो कमी आणि ओरडतो जास्त. ओलं असेल तर धरतही नाही. ओरडण्याचा फायदा मात्र होता, आम्ही कोपऱ्यावर येण्याआधीच लोक बाजूला झालेले असत.

नंबर प्लेटचं म्हणशील तर ती मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटारसायकल शर्यतींची आठवण. हा खेळच मुळात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांनी मोटारसायकलवाल्यांची नक्कल करून उभा केला. १९७० मध्ये लाँग बीचला स्कॉट ब्राइटहॉप्टने शर्यती भरवल्या तेव्हा तो स्वतःच शाळकरी वयाचा होता, आणि बक्षीस म्हणून त्याने मोटारसायकलवर जिंकलेले स्वतःचेच चषक वाटले. हे मला फार आवडतं. खेळ नवा, संघटना नाही, पैसा नाही, तर घरातल्या फळीवरचे चषक उचलून आणले! पुढे बॉब हॅरो नावाचा चित्रं काढणारा पोरगा नंबर प्लेटा बनवता बनवता धंद्यात आला आणि त्यानेच फ्रीस्टाइल लोकांपुढे नेली. १९८२ च्या 'ई.टी.' या परग्रहावरच्या पाहुण्याच्या सिनेमात सायकलींचा पाठलाग आहे बघ, त्यातल्या स्टंटवाल्यांत हॅरो होता.

आमच्या टोळीत प्रत्येकाला १ नंबर हवा होता आणि कोणी मागे हटेना. त्यामुळे पाच जण १ नंबर लावून फिरायचे. सगळ्यांत धाकट्याने शांतपणे ० लावला. विचारलं तर म्हणाला, "मी एकाच्या आधी येतो." यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

आता माझा सगळ्यांत लाडका किस्सा. १९८९ मध्ये मॅट हॉफमन या राइडरने कॅनडात किचनरच्या स्पर्धेत रॅम्पवर पहिला ९०० (अंशांचा) मारला. हवेत अडीच फेऱ्या. आजच्यासारखी क्लिप दोन मिनिटांत हातात येत नव्हती. बातमी पोचायची मासिकातून, तीही फोटोसकट, आणि फोटोत माणूस एकाच जागी लटकलेला. अडीच फेऱ्या फोटोत मोजायच्या कशा? एकाचं ठाम म्हणणं, हा तर १८०, छापणाऱ्यांनी आकडा चुकवला. दुसऱ्याने खडूने जमिनीवर रॅम्प काढला, चपलेला सायकल मानून ती फिरवली आणि अडीच फेऱ्यांनंतर माणूस खाली येताना तोंड पुढे करून येतो हे सिद्ध केलं. ३६० मारून उतरलास तर उलटा उतरशील, म्हणून अर्धी फेरी लागतेच! त्या चपलेवरून आमचं इतकं जोराचं भांडण झालं की ती कोणाची आहे हेच विसरलो, आणि जिची होती ती व्यक्ती अनवाणी उभी राहून तावातावाने ५४० ची बाजू मांडत होती. व्हिडिओची कॅसेट हाती आली तेव्हा ती नकलेची नक्कल होती, पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग. आम्ही ती मागेपुढे करून फेऱ्या मोजल्या. अडीच भरल्या. १८० वाल्याने उभं राहून नमस्कार केला, थेट टीव्हीला.

मामा कशाला हसले ते आता थोडंफार लक्षात आलं असेल.

मातीवाली

पेगदादा, चपलेचं वाचून डोळ्यांतून पाणी आलं. मी रॅम्पवाली नाही, ट्रेल्सवाली, म्हणजे जंगलातल्या मातीच्या उड्यांवरची. आमचं निम्मं आयुष्य फावड्यावर गेलं. पेनसिल्व्हेनियात बेथलेहेमच्या जंगलातल्या ट्रेल्सपासून जगभर एकच कायदा आहे, खणणार नाही तो चालवणार नाही. आणि तो बरोबरच आहे. उडी मारायच्या कडेला पाणी घालून, थोपटून, रात्रभर ताडपत्रीखाली झाकून ठेवल्यावर जो आकार येतो, तो कोणी सुकलेल्या मातीवर दणादण चाकं आपटून मोडला की जीव तुटतो.

आम्ही फावडी पानांच्या ढिगात लपवून ठेवायचो. ती इतकी चांगली लपवायचो की पावसाळ्यानंतर सापडायची नाहीत, आणि शोधायला खणावं लागे, आणि खणायला फावडं लागे. एकदा शोधताशोधता एवढी माती निघाली की त्याच मातीची एक नवी उडी झाली. तिचं नाव आम्ही "हरवलेलं फावडं" ठेवलं. फावडं अजून तिच्या पोटात आहे असं आमचं मत आहे.

बाळ्या, सपाट जमिनीवरच्या राइडरांना विचार, रांगेत झोपलेल्या माणसांवरून बनी हॉप (रॅम्पशिवाय गाडी उचलून उडी) त्यांनीही केला असेल. आमच्याकडे पहिल्या जागेसाठी मारामारी, कारण उडी घेणारा पहिल्यावरून तर नक्कीच जातो. शेवटच्या जागी मी झोपायचे. नेहमी. जो उडणार त्याच्यावर माझा विश्वास असायचा आणि मी त्याला तसं मोठ्याने सांगायचे. मला कळलं होतं की शेवटचा माणूस शांत असेल तर उडणाराही घाबरत नाही. एकदा मधल्याला शिंक आली, तो उठून बसला, आणि उडी घेणाऱ्याने ब्रेक न लावता बाजूच्या झुडपात वळवली. झुडपातून पहिला प्रश्न आला, "शिंकलं कोण?"

आणि एक. टोकियो ऑलिंपिकमध्ये शार्लट वर्दिंग्टन पहिल्या फेरीत ३६० बॅकफ्लिपवर (गोल फिरत मागे कोलांटी) पडली, दुसऱ्या फेरीत तीच उडी परत घेतली, ९७.५० गुण आणि सुवर्ण. बायकांच्या स्पर्धेत ती उडी त्याआधी कोणी उतरवली नव्हती. आमच्या ट्रेल्सवरच्या सगळ्या मुली त्या दिवशी एकमेकींना फोन करत होत्या. पडल्यावर लगेच तीच उडी परत घ्यायची, हे आम्ही एकमेकींना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो.

आरे_मोजणारा

किस्से उत्तम, पण बाळ्याच्या प्रश्नांची दोन उत्तरं राहिली.

स्प्रॉकेट. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५, आणि तुझं २५ भागिले ९ म्हणजे २.७८. मामांची मागची बाजू १६ ची असेल तर दोन्ही गाड्या पायाला जवळपास सारख्याच लागतील. लहान झालं ते वजनासाठी आणि रेलिंगवर आपटू नये म्हणून.

गाद्या. हँडलवर दात आणि हनुवटी, स्टेमवर गुडघा, वरच्या नळीवर जे आपटतं ते. हसू नका, माझ्या एका मित्राचे पुढचे दोन्ही दात त्या गादीमुळे शाबूत आहेत. पायाची नडगी मात्र उघडीच होती. धातूच्या दातेरी पेडलांनी सगळ्यांच्या नडग्या सोलल्या. कोणी मोज्यात पुठ्ठा घालायचं, कोणी जुनी मासिकं. एकाने गणिताचं पुस्तक घातलं होतं, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी रॅम्पवरच बसून मोजा खाली करून अभ्यास केला.

आणि इशारा. मागचा ॲक्सल बारीक, ३/८ इंची असेल तर पेगवर (ॲक्सलच्या टोकाला लावलेल्या नळीवर) घसरपट्टी करू नकोस, वाकेल. चौदा मिलिमीटरचे जाड ॲक्सल त्याच कारणाने आले.

ब्रेकलेस_बाळ्या

काल टोळीला हे सगळं वाचून दाखवलं. "शिंकलं कोण" आता आमच्याकडे रोजचं झालंय.

फूट डाउन अजून आम्हीही खेळतो, सगळे लहानशा चौकोनात गोल फिरायचे आणि ज्याचा पाय टेकला तो बाद. मामा आले, हीच गाडी घेतली, आणि सगळ्यांना बाहेर काढलं. ते जागच्या जागी उभे राहतात, गाडी हलत नाही, आणि आपण धडपडतो! आम्ही आरडाओरडा केला तर म्हणाले, ब्रेक याच्यासाठी असतो.

एक अडचण आहे. हँडल गोल फिरवलं की ती चकती डुलते आणि ब्रेक आपोआप थोडा लागतो. काय करू?

जुना_पेग

मामांना माझा दंडवत सांग. मागचा ब्रेक दाबून तोल धरणं हे त्या काळच्या सपाट राइडिंगचं अर्धं शास्त्र आहे, ते त्यांच्याकडून शिकून घे.

ती चकती म्हणजे जायरो. वरचा भाग हँडलबरोबर फिरतो, खालचा फ्रेमबरोबर थांबतो, मध्ये बेअरिंग, म्हणून केबल गुंडाळत नाही. चकती तिरकी असेल तर फिरताना एक बाजू वर ओढली जाते आणि ब्रेक लागतो. मागचा ब्रेक आधी पूर्ण सैल कर. मग वरच्या दोन्ही केबलींचे ॲडजस्टर थोडे थोडे फिरवून चकती हेडसेटला (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगला) समांतर आण. नंतर खालच्या दोन्ही केबली सारख्याच ताणल्यात ना ते बघ, एक सैल आणि एक घट्ट असेल तर कितीही फिरवलंस तरी डुलणारच. सगळ्यांत शेवटी ब्रेक घट्ट कर. हँडल पूर्ण फिरवून बघ, चकती एका पातळीत राहिली पाहिजे.

तरीही डुलली तर बेअरिंग झिजलंय. ते उघडण्याआधी इथे फोटो टाक, आतले छर्रे बारीक असतात आणि गवतात पडले की परत मिळत नाहीत.

मातीवाली

मिळतात. फावडं घेऊन ये.