यूएसबी माइक कोणता घ्यावा? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

स्वाती, बी-४०२: नमस्कार मंडळी 🙏 एक मदत हवी होती. अर्णवला कॉम्प्युटरवर गेम खेळताना मित्रांशी बोलायला माइक हवाय. आणि आमच्या अप्पांना त्यांच्या शाळेच्या, गावाकडच्या आठवणी रेकॉर्ड करून नातवंडांसाठी ठेवायच्यात. दोघांत मिळून एकच घ्यायचा विचार आहे. बजेट चार हजार, फार तर पाच. ऑनलाइन बघायला गेलं तर ढीगभर दिसतात, काही उमजत नाही. कोणी वापरतं का?

रोहन, ए-१०१: काकू, हायपरएक्स क्वाडकास्ट. डोळे झाकून घ्या.

स्वाती, बी-४०२: अरे तो बजेटच्या बाहेर जातोय.

नितीन, डी-२०३: बीएम-८०० बघा वहिनी. अगदी स्वस्तात स्टँड, फोम, जाळी सगळा सेट येतो. माझ्या मेव्हण्याने घेतलाय.

मेधा, सी-५०२: नितीनदादा, तो सेट दिसायला छान असतो, पण स्वातीसाठी नको. बीएम-८०० नीट चालायला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरमधूनच दिलेली वीज, लागतो. सेटमधल्या साध्या वायरने लॅपटॉपच्या ऑडिओ जॅकला जोडला की तेवढी वीज मिळत नाही, मग आवाज बारीक येतो आणि मागे सतत ‘स्स्स’ ऐकू येतं. तो घालवायचा म्हणजे फँटम सप्लाय घ्या, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची वेगळी डबी) घ्या. स्वस्त म्हणून घेतलेला माइक शेवटी महागात पडतो. आणि काही ठिकाणी त्यावर ‘यूएसबी’ लिहिलेलं असतं, पण तो यूएसबी म्हणजे सोबत दिलेलं बोटभर साउंड कार्ड असतं. जाहिरातीतला फोटो नीट बघा, वायर थेट माइकच्या बुडातून यूएसबीला जातेय का ते.

नितीन, डी-२०३: अच्छा. तरीच त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो.

मेधा, सी-५०२: स्वाती, मॉडेलचं मग बोलू. आधी सांग, माइक कुठल्या खोलीत राहणार? रस्त्याकडची की आतल्या बाजूची? पंखा चालू असतो का?

स्वाती, बी-४०२: अर्णवचीच खोली. रस्त्याकडची 😐 खाली रिक्षा स्टँड. पंखा दिवसभर गरगरतोच. भिंती मोकळ्या, एक पलंग, एक कपाट, बाकी फरशी. आणि त्याचा तो खाडखाड वाजणारा कीबोर्ड.

मेधा, सी-५०२: मग माझं मत पक्कं आहे. कंडेन्सर माइक घेऊ नकोस, डायनॅमिक घे.

मी गेली काही वर्षं घरून निवेदनाची कामं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाच हजारांच्या आतले बहुतेक यूएसबी माइक कंडेन्सर असतात. फिफाइनचा के६६९बी, हायपरएक्सचा सोलोकास्ट, रेझरचा सायरन मिनी, सगळे त्यातलेच. माइक म्हणून वाईट नाहीत. शांत खोलीत फार सुंदर, स्वच्छ आवाज देतात. पण ते खोलीतलं सगळंच उचलतात. पंखा, रिक्षा, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी आणि मोकळ्या भिंतींवरून परत येणारा आपलाच आवाज. रेकॉर्डिंग ऐकताना माणूस बाथरूममध्ये बसून बोलतोय असं वाटतं ते या परतीच्या आवाजामुळे.

डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला तरच नीट ऐकतो. तीच त्याची अडचण आणि तोच तुमच्या घरातला फायदा. चार बोटं ते एक वीत अंतरावर बोललं की तुमचा आवाज भरपूर जातो आणि रिक्षा मागे पडतात. अंतर निम्मं केलं की माइकपर्यंत थेट पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि पंख्याचा आवाज आहे तेवढाच राहतो. हे गणित कुठल्याही महागड्या माइकने बदलत नाही.

रोहन, ए-१०१: ताई, पण डायनॅमिकमध्ये आवाज दबलेला येतो ना? स्ट्रीमर्सचा आवाज कसा कडक असतो.

मेधा, सी-५०२: रोहन, मोठमोठ्या स्ट्रीमर्सच्या तोंडापुढे जो काळा, लांबट माइक दिसतो तो बहुतेक वेळा शुअरचा एसएम७बी असतो. तो डायनॅमिकच आहे. तू म्हणतोस तो कडकपणा जवळून बोलल्यामुळे येतो. जवळ गेलं की आवाजातला खर्ज वाढतो, अंगभर वाटतो. फक्त तो एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या स्टुडिओ वायरचा आहे, त्याला इंटरफेस लागतो आणि गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणं, भरपूर लागतो, म्हणून आपल्या चर्चेत नाही.

सेक्रेटरी: सूचना. उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाईमुळे पाणी बंद राहील. कृपया भरून ठेवावे.

स्वाती, बी-४०२: धन्यवाद काका. मेधाताई, मग नाव सांगा ना एखादं.

मेधा, सी-५०२: फिफाइन एएम८ बघ. डायनॅमिक आहे, यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही आहे, समोर म्यूट आहे, हेडफोन माइकलाच लावता येतो. त्यात रंगीत दिवे आहेत, अर्णव खूश होईल. अप्पांना नको असतील तर बंद करता येतात. त्याच कंपनीचा के६८८ही याच जातीचा. सॅमसनचा क्यू२यू मला स्वतःला जास्त आवडतो, हातात धरून बोलायचा साधा गायकांसारखा माइक, पण तो बजेटमध्ये मिळतो का ते बघावं लागेल.

एक्सएलआर आज लागणार नाही. पण अर्णवने पुढे इंटरफेस घेतला तर माइक तोच राहील. तेव्हा लक्षात ठेव, एक्सएलआरने जोडला की एएम८वरचं म्यूट, हेडफोन, दिवे चालत नाहीत. ते फक्त यूएसबीवर.

हेडफोनचं भोक माइकवर असणं मी महत्त्वाचं धरते. अप्पांना बोलताबोलता स्वतःचा आवाज जसाच्या तसा, विलंब न होता कानात ऐकू येईल. मान वळली, लांब गेले, कागद सळसळला, त्यांना लगेच कळेल. के६६९बी आणि सोलोकास्टमध्ये ही सोय नाही.

गिरीश, सी-१०४: एका माइकवर १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट लिहिलंय आणि दुसऱ्यावर ४८, १६ बिट. पहिला चांगला ना?

मेधा, सी-५०२: गिरीशकाका, त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. माणसाच्या कानाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही आणि ४८च्या सेटिंगवर २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं नोंदलं जातं. ब्ल्यू कंपनीचा येती हा यूएसबी माइक २००९मध्ये आला तो ४८ आणि १६ बिटवरच, आणि त्यावर वर्षानुवर्षं लोकांनी पॉडकास्ट केले.

प्राची, ए-४०१: येतीवरून आठवलं. माझा दीर दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय. तिथून आणायला सांगू का कोणाला? स्वस्त पडेल का?

मेधा, सी-५०२: चालायला काहीच अडचण नाही, यूएसबीचे ५ व्होल्ट सगळीकडे सारखेच, प्लगचाही प्रश्न नाही. पण वॉरंटी इथे चालेलच असं नाही. या किमतीच्या वस्तूला मी इथलं बिल पसंत करते. आणि येती कोणी घेतलाच तर त्याच्या समोरच्या बाजूने, जिथे नाव छापलंय तिकडून बोलायचं. लोक टोकाला तोंड लावतात आणि आवाज पोकळ येतो म्हणून माइकला दोष देतात. सोलोकास्टचंही तेच. एएम८मध्ये मात्र टोकाकडूनच बोलायचं.

अर्णव, बी-४०२: मेधामावशी, कीबोर्डचा आवाज जाईल का? मित्र मला सारखे म्यूट करतात

मेधा, सी-५०२: पूर्ण जाणार नाही बाळा, पण खूप कमी होईल. माइक टेबलावर ठेवू नकोस, प्रत्येक की दाबली की टेबलातून धक्का माइकमध्ये जातो. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसणारा बूम आर्म, म्हणजे माइक अधांतरी धरणारा दांडा घे, साधा चालेल. माइकचं तोंड तुझ्याकडे आणि पाठ कीबोर्डकडे येईल असा लाव. या माइकचा पॅटर्न कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचं जास्त ऐकतो, मागचं सर्वात कमी. तोंडाच्या अगदी सरळ रेषेत नको, किंचित बाजूला, ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने. आपल्या भाषेत प, फ, ब, भ भरपूर, श्वास थेट जाळीवर आदळला की ‘भप्प’ वाजतं. अप्पांसाठी फोमची टोपी लावूनच ठेव.

आणि माइक जोडल्यावर डिस्कॉर्डमध्ये, म्हणजे तुमच्या मित्रांशी बोलायच्या ॲपमध्ये, इनपुट डिव्हाइस स्वतः बदल. नाहीतर नवा माइक समोर आणि आवाज जातोय वेबकॅममधून, असं फार जणांचं होतं. ब्लूटूथ इअरफोन वापरत असशील तर माइक म्हणून तो निवडूच नकोस. त्याचा माइक चालू झाला की ब्लूटूथ फोन-कॉलच्या मोडमध्ये जातो आणि गेमचा आवाजही बेकार होतो.

रोहन, ए-१०१: हे भारी सांगितलंत ताई, मला वाटायचं माझे इअरफोनच खराब आहेत 😮

अंजली, ए-३०४: मेधा, मी गाण्याचे क्लास ऑनलाइन घेते. मलाही डायनॅमिकच सुचवशील? तानपुरा लावला की मुलींना तो तुटक ऐकू जातो, कधी गायबच होतो.

मेधा, सी-५०२: अंजलीकाकू, तुमचा दोष माइकमध्ये नाहीच, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. झूम किंवा डिस्कॉर्डची गोंगाट कमी करणारी सोय सतत एकसारख्या येणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते. तानपुरा म्हणजे नेमका तसाच अखंड आवाज. म्हणून ती त्याला पुसून टाकते, लांबवलेला ‘सा’सुद्धा मध्येच खाते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ म्हणून पर्याय आहे, तो चालू करा. माइकमध्ये अशी सोय असेल तर तीही बंद ठेवा.

आणि तुमची खोली मागच्या बाजूची, शांत, गालिचा घातलेली. तुम्हाला मी कंडेन्सरच सुचवेन. गळ्यातल्या बारीक जागा, तानपुऱ्याची जवारी त्यात जास्त खुलते. हातभर लांब ठेवा म्हणजे पेटी आणि गळा दोन्ही येतील. स्वातीला सांगितलं त्याच्या अगदी उलट सांगतेय, कारण खोली उलट आहे.

अंजली, ए-३०४: आत्ता विद्यार्थिनीला लावून बघितलं. तानपुरा येतोय गं! कित्येक महिने मी ॲपमधला तानपुरा बदलत बसले होते.

नितीन, डी-२०३: मोबाइलला जोडता येतो का हा एएम८? अप्पांना कॉम्प्युटरसमोर बसायला लावण्यापेक्षा बरं.

मेधा, सी-५०२: टाइप-सीचा ओटीजी ॲडॅप्टर (फोनला यूएसबीची वस्तू जोडायचा छोटा जोड) लावून बहुतेक ॲन्ड्रॉइडवर चालतो. आयफोनमध्ये १५पासून टाइप-सी आहे, त्यालाही जमतं. पण लांब रेकॉर्डिंगला मी कॉम्प्युटरच म्हणेन. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात चुकलेलं वाक्य कापायला सोपं.

स्वाती, अप्पांचं रेकॉर्डिंग दुपारी कर, रिक्षा कमी असतात. पंखा तेवढी वीस मिनिटं बंद. दोन जाड गोधड्या काढ, एक त्यांच्या पाठीमागे कपाटाच्या दारावर, एक टेबलावर माइकखाली. फोमचे ते तिकोनी तुकडे विकत घेऊ नकोस, गोधडी जास्त काम करते. सुरुवातीला कोणीही न बोलता दहा सेकंद रेकॉर्ड कर आणि हेडफोनवर ऐक. फ्रिज, घड्याळ, शेजारचा मिक्सर, काय काय येतंय ते तिथेच कळतं. मग रेकॉर्डिंगचं मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळेल एवढा गेन ठेव. लाल होऊ द्यायचा नाही. फाटलेला आवाज नंतर सुधारत नाही, हळू आलेला वाढवता येतो.

आणि अप्पांना वाचायला लावू नकोस. तू समोर बस आणि प्रश्न विचार. माणसाकडे बघून बोललेलं वेगळंच येतं. तुझा आवाज लांबून आला तरी चालेल, तोही नातवंडांना हवाच आहे.

स्वाती, बी-४०२: ताई, किती नीट सांगितलंत. एएम८ बजेटमध्ये बसतोय, आर्म वेगळा घ्यावा लागेल. ऑनलाइन मागवू की पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊ?

गिरीश, सी-१०४: तपकीर गल्लीत हातात घेऊन बघता येईल. मी शनिवारी जाणारच आहे.

मेधा, सी-५०२: काका, जात असाल तर आर्म तिथूनच घ्या, स्क्रूचा आटा माइकला बसतो का ते लावून बघा. ३/८ आणि ५/८ असे दोन आटे असतात, मधली रिंग मिळते, ती मागून घ्या. माइक मात्र परत करायची सोय असेल तिथूनच घ्यावा.

स्वाती, बी-४०२: मग माइक आत्ताच ऑर्डर करते. गिरीशकाका, आर्मचे पैसे जीपे करते तुम्हाला.

अर्णव, बी-४०२: आई टेबलाची कड जाड आहे, क्लॅम्प बसेल का

गिरीश, सी-१०४: मोजून पाठव रे, सेंटिमीटरमध्ये.

अर्णव, बी-४०२: साडेचार

गिरीश, सी-१०४: ठीक. पाचपर्यंत उघडणारा बघतो.