मदत हवी आहे: बॉब वुड यांच्यावरील लेखासाठी कायदेशीर प्रतिशब्द आणि जुनी वृत्तपत्रे

नमस्कार. अमेरिकन कॉमिक्सचे संपादक, चित्रकार बॉब वुड यांच्यावर मी लेख लिहीत आहे. चार्ल्स बिरो यांच्यासह त्यांनी १९४२ पासून 'क्राइम डझ नॉट पे' (गुन्हा कधी फळत नाही) हे मासिक चालवले. गुन्हेगाराचा शेवट वाईटच होतो, हे सांगणाऱ्या त्या कथांचा खप लाखांत होता. १९५४ च्या कॉमिक्स आचारसंहितेने अशा मासिकांची वाट अडवली आणि १९५५ मध्ये ते बंद पडले. मग, १९५८ मध्ये, न्यूयॉर्कच्या ग्रामर्सी पार्क भागातील हॉटेलात वुड यांनी एका स्त्रीला ठार मारले आणि त्यांची रवानगी सिंग सिंग तुरुंगात झाली.

बहुतेक लेखक मासिकाचे नाव आणि वुड यांचे कृत्य यांतील विरोधाभासावरच थांबतात आणि जिचा जीव गेला ती स्त्री तळटीपेपुरती उरते. मला हे अत्यंत खटकते.

वुड यांना 'मॅनस्लॉटर'साठी (खुनापेक्षा कमी गंभीर मानला जाणारा मनुष्यवध) दोषी ठरवण्यात आले होते. त्यासाठी आपल्याकडील 'सदोष मनुष्यवध' वापरणे कायद्याच्या दृष्टीने योग्य ठरेल का, हे जाणकार वकिलांनी कृपया सांगावे. तसेच १९५८ ची न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रे भारतातून वाचण्याची सोय कोणत्या ग्रंथालयात आहे, हेही कळवावे.