देणे थकण्याआधीच वसुलीसाठी मागितलेला क्रमांक
(टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांचा वाद)

नोंदवही:
अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला, अनुदान किंवा कर्ज मागणाऱ्याला, कंत्राट घेणाऱ्याला, इतकेच काय, दंड वा शुल्क आकारले गेलेल्या माणसालाही आपला करदाता ओळख क्रमांक द्यावा लागतो. हे बंधन १९९६ च्या ऋणवसुली सुधारणा कायद्याने घातले. पुढेमागे थकबाकी राहिलीच, तर तिच्या वसुलीसाठी व नोंदीसाठी हा क्रमांक वापरण्याचा हेतू आहे, असे खात्याने अर्जदाराला सांगितले पाहिजे, एवढीच अट त्यात आहे. प्रत्यक्षात हे सांगणे म्हणजे अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले एखादे वाक्य.

एकट्याने व्यवसाय करणाऱ्याच्या बाबतीत हा क्रमांक बहुधा त्याचा सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन योजना) क्रमांकच असतो, आणि माझा आक्षेप तिथून सुरू होतो. १९३६ पासून हे क्रमांक देण्यात येऊ लागले ते कमाईची नोंद ठेवण्यापुरते. १९४६ पासून १९७२ पर्यंत तर कार्डावरच ते ओळखीसाठी नसल्याचे छापलेले असे. १९६१ च्या कायद्यानंतर करखाते तोच क्रमांक वापरू लागले. १९७४ च्या प्रायव्हसी कायद्याने क्रमांक न दिल्याबद्दल कोणाचा हक्क किंवा लाभ नाकारू नये असे बजावले खरे, परंतु दुसऱ्या केंद्रीय कायद्याने तो मागितला असेल तर हे संरक्षण लागू नाही, अशी फटही त्यातच ठेवली, आणि १९९६ च्या कायद्याने त्या फटीचा दरवाजा केला. ज्याने एक छदामही थकवलेला नाही, त्याची नोंद भावी थकबाकीदार म्हणून आधीच करून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

ताळेबंद:
आपण दिलेला इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. एका खात्याचे कर्ज बुडवलेला माणूस दुसऱ्या खात्याकडून कंत्राटाचे पैसे घेत असेल आणि एकाच तिजोरीच्या या दोन हातांना परस्परांचा पत्ता नसेल, तर भुर्दंड प्रामाणिक करदात्यांवर पडतो. ट्रेझरीची, म्हणजे केंद्राच्या अर्थखात्याची, वळती व्यवस्था नेमके हेच जुळवते. एकशेवीस दिवसांहून अधिक थकलेले देणे खात्याने तिच्याकडे कळवायचे (२०१४ पूर्वी ही मुदत एकशेऐंशी दिवसांची होती) आणि थकबाकीदाराला जाणाऱ्या सरकारी रकमेतून ते वळते करून घ्यायचे. थकलेली बालपोटगीही याच मार्गाने कर परताव्यातून वसूल होते, हे विरोधक सहसा सांगत नाहीत.

शिवाय क्रमांक नसेल तर नुसत्या नावावरून जुळणी करावी लागेल, आणि एकाच नावाची माणसे किती असतात! आज क्रमांक आणि नाव दोन्ही जुळल्याखेरीज रक्कम वळती होत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ नये, यासाठीच क्रमांक हवा.

नोंदवही:
जुळणीपुरते आपले म्हणणे मान्य करतो. परंतु क्रमांक जितक्या दप्तरांत जातो तितक्या ठिकाणांहून तो गळू शकतो. २०१५ मध्ये केंद्रीय कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून २ कोटी १५ लाख माणसांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक चोरीला गेल्याचे उघड झाले. ती माणसे थकबाकीदार नव्हती; त्यांतील बहुतेकांनी सरकारी कामासाठी आपली पार्श्वभूमी तपासू दिली होती, एवढेच.

उत्तररात्र:
आपण दोघेही अर्जाभोवती फिरत आहात. खरा प्रश्न क्रमांक घेतल्यानंतर काय होते हा आहे. सामान्य सावकाराला वसुलीसाठी एरवी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि निकाल मिळाला तरी सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनाला त्याला सहसा हात लावता येत नाही. सरकार मात्र न्यायालयाच्या निकालाविना त्यातून कापून घेऊ शकते. विद्यार्थिदशेतील कर्ज दहा वर्षांहून जुने असले तरी अशी वळती चालेल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली लॉकहार्ट खटल्यात दिला. कर नसलेल्या देण्यांसाठी मासिक निवृत्तिवेतनाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत कपात होते आणि वर्षाचे पहिले ९,००० डॉलर, म्हणजे महिन्याचे ७५०, सुरक्षित राहतात. हा आकडा १९९६ चा आहे. निवृत्तिवेतन महागाईप्रमाणे वाढते, संरक्षणाची ही रेषा मात्र त्याच जागी आहे. त्यामुळे दर वाढीबरोबर वृद्ध थकबाकीदाराचे अधिकाधिक पैसे कपातीच्या टप्प्यात येतात. अत्यंत गरजूंसाठीचे पूरक साहाय्य यातून वगळले आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे, पण त्याच्या जरा वर असलेल्यांचे काय?

ताळेबंद:
७५० डॉलरची मर्यादा वाढवावी, याबाबत मी आपल्या बाजूने आहे. मात्र तो कपातीच्या मर्यादेचा दोष आहे, क्रमांक मागण्याचा नव्हे. सरकार न्यायालयात जात नाही म्हणून ते मनमानी करते, हेही खरे नाही. देणे वळतीसाठी पाठवण्यापूर्वी खात्याने साठ दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि त्या काळात कागदपत्रे पाहता येतात, फेरतपासणी मागता येते, हप्ते बांधून घेता येतात. पती-पत्नीच्या संयुक्त करविवरणपत्रामुळे देणे नसलेल्या जोडीदाराचा परतावा अडकला, तर फॉर्म ८३७९ भरून त्याला आपला वाटा परत मागता येतो.

उत्तररात्र:
मागता येतो, म्हणजे आधी गमवावा लागतो. चूक सरकारची असली तरी धावपळ नागरिकाने करायची, हा क्रम मला उलटा वाटतो. आणि साठ दिवसांचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले तर त्या हक्कांचा उपयोग काय?

ताळेबंद:
त्याचे उत्तर या क्रमांकातच आहे. केंद्राच्या देण्याच्या वसुलीसाठी करखाते करदात्याचा टपालाचा पत्ता देऊ शकते. तो पत्ता नेमक्या माणसाचा आहे याची खात्री क्रमांकामुळेच होते. आपण क्रमांक काढून घ्याल, तर सूचना न पोहोचणाऱ्यांची संख्या वाढेल.

नोंदवही:
म्हणजे अर्जाच्या वेळी दिलेल्या एका क्रमांकावरून पुढे माझ्या करविवरणातील पत्ताही काढता येतो. हे अर्जातल्या वसुलीविषयीच्या वाक्यातून कोणाच्या लक्षात येईल? ताळेबंद यांची बाजू मी बरीचशी मान्य करत आलो आहे, म्हणून मागणीही आता आखूड करतो. क्रमांक घ्या. परंतु तो ट्रेझरीकडे जाईल, कर परताव्याला आणि निवृत्तिवेतनालाही कात्री लागू शकेल, आणि अगोदर साठ दिवसांचे पत्र येईल, या तीन गोष्टी अर्जावर, सहीच्या जागेच्या वर, मोठ्या अक्षरांत छापा.

ताळेबंद:
याला माझी हरकत नाही. मात्र सही करणाऱ्याने ते वाचले नाही, तर तो दोषही सरकारवर घालू नका.