मिरची तोडणीला जाणाऱ्या घरांची मुलं: नाव कटते का, टी.सी. काढावी का, हंगामी वसतिगृह कसं मिळवायचं?

समिती_सदस्य_गोंडपिपरी

नमस्कार. जानेवारी लागला की आमच्या भागातली बरीच घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात, ती थेट होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. पोरंही सोबत जातात. यंदाच्या यादीत दुसरी, चौथी, आठवी आणि नववीची मुलं आहेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत प्रत्येकाचं मत वेगळं. कोणी म्हणते १५ दिवस गैरहजर राहिलं की नाव कटते, कोणी म्हणते आठवीपर्यंत काहीच होत नाही, तर कोणी म्हणते टी.सी. काढून सोबत न्या, तिकडे शाळेत टाका.

नियमात नेमकं काय आहे? किती दिवस चालतात? आणि मुलं गावातच ठेवायची असतील तर समितीनं काय करायचं, कोणत्या महिन्यात करायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

केंद्रप्रमुख_झाडीपट्टी

पहिली ते आठवीचं आधी सांगतो, नववीचं गणित वेगळं आहे.

१५ दिवसांत नाव कमी करायचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. दंड घेता येत नाही, परत आल्यावर उभं करणं, मारणं, सर्वांसमोर अपमान करणं हे कलम १७ खाली येते.

पण म्हणून "काहीच होत नाही" असं समजू नका. प्रवेश घेतलेलं मूल सलग एक महिन्याहून जास्त गैरहजर राहिलं की ते शाळाबाह्य धरलं जाते. ही एक महिन्याची रेघ म्हणजे सुट्टीचा कोटा नव्हे. तिथून पुढे त्या मुलाला शोधून परत आणण्याची आणि राहिलेला अभ्यास भरून काढण्याची जबाबदारी शाळेवर आणि जिल्हा परिषदेवर येते. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचा प्रवेश पाहणं हे कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचं कामच आहे. पंचायत समितीत अर्ज देताना हे कलम लिहा, उपयोग होतो.

आठवीच्या मुलाकडे जास्त लक्ष द्या. २०२३ मध्ये राज्याच्या नियमात दुरुस्ती झाली, तेव्हापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. परीक्षा एप्रिलमध्ये आणि पोरगं पाडव्याला परतणार, म्हणजे हातात दोन-तीन आठवडे. दुसरं सत्र जवळपास सगळं गेलेलं असते.

टी.सी. तर मुळीच काढू नका. टी.सी. दिली की दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मूल खारीज होते आणि ऑनलाइन नोंदीतूनही आपल्या शाळेतून बाहेर पडते. तिकडे प्रवेश झाला नाही तर नोंद अधांतरी राहते, आणि मार्चअखेर परत घ्यायचं म्हटलं की जन्मतारीख, आधार, कायम शिक्षण क्रमांक यातला एक आकडा जुळला नाही तरी काम अडते. शिवाय तिकडची शाळा तेलुगू नाहीतर इंग्रजी माध्यमाची. चौथीचं मूल तीन महिने तिथं बसून काय शिकणार? कुटुंब राज्यातल्या राज्यातच जात असेल, समजा नागपूरकडच्या वीटभट्टीवर, तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावं. त्यावर तिथल्या मराठी शाळेत टी.सी.शिवाय बसवून घेतात. तेलंगणासाठी मात्र खरा मार्ग एकच: मूल गावात राहिलं पाहिजे.

त्यासाठी समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेतून हंगामी वसतिगृह असते. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच ठिकाणी मुलं आजी-आजोबांकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहातून मिळते. दुपारचा पोषण आहार शाळेत असतोच. समितीनं करायचं ते असं. दिवाळी झाली की घरोघरी फिरून यादी करा: कुटुंब, मुलाचं नाव, इयत्ता, कुठं जाणार, अंदाजे किती तारखेला निघणार, मागे मुलाला कोण सांभाळणार. सांभाळणाऱ्याचं लेखी हमीपत्र त्याच वेळी घ्या. मग बैठकीत ठराव, ठरावाच्या प्रतीसह मुख्याध्यापकांचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडे, तिथून गटशिक्षणाधिकारी, तिथून जिल्ह्याच्या समग्र शिक्षा कक्षाकडे. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, कारण मंजुरीला वेळ लागतो. जानेवारीत प्रस्ताव टाकला तर मंजुरीच्या आधी गाडी निघालेली असते.

प्रस्ताव बहुतेक वेळा हजेरीपटावर मरतो. गेलेल्या मुलांची हजेरी मागच्या वर्षी "हजर" लागलेली असते. पट टिकावा, शिक्षकाचं पद जाऊ नये ही भीती त्यामागे असते. पण कागदावर सगळे हजर असतील तर गावात स्थलांतर आहे हे दाखवणार कशानं? वसतिगृह मागायचं असेल तर गैरहजेरी खरी लागलीच पाहिजे. पोषण आहाराचा तांदूळही त्याच आकड्यावर निघतो, पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, त्यामुळे खोटी हजेरी तपासणीत तिथंही उघडी पडते.

माध्यमिक_कार्यालय

नववीचं मी सांगतो. इथं शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण संपते आणि ७५ टक्के हजेरीचा प्रश्न सुरू होतो.

शाळेचे कामाचे दिवस २२० धरले तर ७५ टक्के म्हणजे १६५. हाती उरतात ५५. जानेवारी ते मार्च रविवार आणि सण वजा करता साधारण ७० दिवस शाळा भरते. म्हणजे पोरगं जूनपासून डिसेंबरपर्यंत एकही दिवस चुकलं नाही तरी ७५ च्या खाली जाते. आणि आपल्याकडे रोवणी, धान कापणी, कापूस वेचणी यात काही दिवस आधीच गेलेले असतात. तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांकडून आजवरची हजेरी लिहून घ्या, म्हणजे किती दिवस शिल्लक आहेत हे पालकांना आकड्यात दाखवता येते. तोंडी सांगितलेलं कोणी मनावर घेत नाही.

दहावीचं मूल असेल तर विषयच नाही. तोंडी, प्रात्यक्षिक आणि लेखी परीक्षा याच फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. हजेरी कमी पडल्यास ती क्षमापित करून घ्यायचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो (चंद्रपूरला नागपूर विभाग), पण त्याला कारण आणि पुरावा लागतो. त्याच्या भरवशावर मूल पाठवू नये. "नाही जमलं तर १७ नंबरचा अर्ज भरू" (म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज) हा सल्लाही गावात फिरतो. तो भरला की मूल नियमित विद्यार्थी राहत नाही, रोजची शाळा सुटते. मजुरीच्या घरातली शाळा सुटलेली मुलगी पुढं कुठं जाते हे वेगळं सांगायला नको.

मुलगी आजीकडे राहून तालुक्याच्या शाळेत जाणार असेल तर मानव विकास कार्यक्रमाची निळी बस बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत आहे. मुलाला एसटीचा सवलतीचा मासिक पास मिळतो, भाड्याचा एक तृतीयांश भरावा लागतो. दोन्हींना शाळेचं प्रमाणपत्र लागते, ते जानेवारीच्या आधीच काढून ठेवा.

समिती_सदस्य_गोंडपिपरी

दोघांचेही आभार. अडचण अशी की मुकादमाची उचल (आगाऊ मजुरी) डिसेंबरातच घेऊन झालेली असते. यंदा यादी उशिरा झाली आणि वसतिगृह मंजूर झालं नाही, तर आजी म्हणते, "पोरं ठेवीन, पण खाऊ काय घालू?"

रास्त_भाव_सल्ला

आजीच्या प्रश्नाला रेशनमध्ये उत्तर आहे. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळते. "एक देश एक रेशन कार्ड" मध्ये कार्डावरचं धान्य वाटून उचलता येते: आईबाप त्यांच्या वाट्याचं तिकडच्या दुकानातून घेऊ शकतात, मुलांच्या वाट्याचं गावात राहते. बहुतेक जण सगळंच एका ठिकाणी उचलतात, तसं करू नका, आणि हे निघायच्या आधीच ठरवा.

अडचण अंगठ्याची येते. गावात त्याच कार्डावरचं कोणीतरी अंगठा लावायला पाहिजे. आजीचं कार्ड वेगळं असेल तर तिचा अंगठा मुलांच्या कार्डाला चालत नाही, आणि लहान पोरांचे ठसे मशीन बऱ्याचदा घेत नाही. त्यासाठी कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) नोव्हेंबरातच करून घ्या आणि मोठ्या मुलाचा अंगठा दुकानात एकदा लावून पाहा. लागत नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात नावं आजीच्या कार्डावर घेण्याचा अर्ज द्या. त्यालाही महिना-दीड महिना धरा.

केंद्रप्रमुख_झाडीपट्टी

यादी उशिरा झाली तरी प्रस्ताव टाकाच, सोबत आजी-आजोबांची हमीपत्रं जोडा. आणि जी मुलं जाणारच आहेत त्यांच्या पालकांकडून निघायच्या आधी अर्ज घ्या: कोणत्या गावी, कोणता तालुका, चालू असलेला मोबाईल नंबर, परतीची अंदाजे तारीख. पाठ्यपुस्तकं सोबत द्या, वर्गशिक्षकांना आठवड्यातून एक फोन करायला सांगा. आठवीच्या मुलासाठी मात्र पालकांना समितीनं घरी जाऊन भेटावं, निदान तेवढं एक मूल थांबवता येते का पाहावं.