विषय: शेक घेण्याआधी पाण्याचा एवढा हिशेब कशाला?

नमस्कार मंडळी,
यांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचा शेक, म्हणजे रेडिएशन, गेल्या सोमवारी सुरू झाला. एकूण 20 सिटिंग आहेत. रोज आधी एनिमा, मग मोजून पाणी प्यायचं आणि पाऊण तास लघवी धरून बसायचं. काल हे सगळं करून टेबलावर झोपले, तर स्कॅन बघून तिथली मुलगी म्हणाली, पोटात गॅस आहे, जरा फिरून या. दोन तासांनी शेक मिळाला. घरी आल्यावर हे जेवलेसुद्धा नाहीत. आमचं काही चुकलं का?
— लीड्सच्या काकू

काकू,
मी याच कामात आहे, म्हणून लगेच लिहितो. तुमचं काहीच चुकलेलं नाही. त्यांना उठवलं तेच बरं झालं.

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी, ती एका जागी खिळलेली नसते. मागच्या गुदाशयात गॅस भरला की ती काही मिलिमीटर पुढे सरकते. आम्ही तिच्याभोवती साधारण अर्धा सेंटीमीटरच जागा धरतो. प्रोस्टेट त्या जागेबाहेर सरकली तर गाठीला डोस कमी आणि गुदाशयाला जास्त. कातडीवर गोंदलेले तीन ठिपके शरीर सरळ ठेवायला उपयोगी, पण आत काय हललंय ते त्यांवरून कळत नाही. म्हणून शेकाआधी मशीनवरच स्कॅन काढतात. आणि पाणी यासाठी, की भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर, किरणांबाहेर उचलून धरतं.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या 300 स्त्रियांवर अभ्यास केला होता, तो 2021 साली छापून आला. जुन्या पद्धतीच्या शेकानंतर तीन वर्षांत 42 टक्के जणींना आतड्यांचा बऱ्यापैकी त्रास झाला. स्कॅनवर जागा पाहून, आकार दिलेल्या किरणांनी शेक दिला तेव्हा 21 टक्के. म्हणजे थेट निम्मा! काकांना हे जरूर सांगा.
— शेफील्डहून

काकू, माझा शेक दोन वर्षांपूर्वी झाला. मलाही दोनदा उठवलं होतं, दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून थोडं थोडं पाणी पीत राहिलो की मूत्राशय वेळेत भरायचं. राजमा, चवळी, कोबी तेवढे दिवस मी बंदच ठेवले होते. काकांना गुरुवारी मी गाडीने नेतो, साडेनऊला दारात येतो.
— ब्रॅडफर्डहून