आई गेल्यापासून घर विस्कटलंय, काय करावं?

कृष्णाकाठची:
सांगलीत गावभागात आमचं जुनं घर, आम्ही चार भावंडं, आई मार्चमध्ये गेली आणि तेव्हापासून कोण कुणाला साधा फोनपण करत नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, तेव्हा दोघा भावांचा अबोला होता तरी आईने त्यांना एकाच ट्रॉलीत बसवून मिरजेला मावशीकडे नेलं आणि शेजारी शेजारी जेवायला वाढलं. आता हे कोण करणार?

मिरजकर:
ताई, माझी आई दर रविवारी सगळ्यांना फोन लावायची, विषय काय नसायचा, जेवलास का एवढंच. ती गेल्यावर मी सुरू केलं. धाकट्याने दोन महिने उचललाच नाही, मग उचलला.

साताऱ्याची सून:
वर्षश्राद्धाची वाट बघू नका, आधीच भेटा. आणि वाटणीचं मोकळं बोला, २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचापण सारखा हिस्सा आहे. आमच्यात हक्कसोडपत्रावर सही मागितली आणि नणंदा तुटल्या, सासूबाई असत्या तर तो कागद घरात येऊच दिला नसता त्यांनी.

कृष्णाकाठची:
आत्ता दादाला फोन केला, आईच्या लोणच्याची बरणी कुणाकडंय म्हणून. त्याच्याकडंच आहे, अजून उघडली नाही म्हणाला.